निनावी कागदाची पोच

पासो अल्दानाच्या पोलीस ठाण्यात अकरा माणसे आहेत. ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, ऐन हिवाळ्यात, त्या अकराही जणांना तेवीस प्रश्नांचा एकेक कागद मिळाला. कागद घेऊन आलेल्या बाई मंत्रालयातल्या मानसशास्त्रज्ञ होत्या, नाव लेतिसिया सुगास्ती. राजधानी माँतेव्हिदेओहून सहा तास बसने आल्या होत्या आणि बसमधली थंडी अजून अंगात असल्यामुळे कोट न काढताच बोलल्या.

प्रश्न साधे होते. काम संपल्यावर अंगात काही उरत नाही असे वाटते का? समोरच्या माणसाचे दुःख ऐकताना कंटाळा येतो का? आपल्या कामामुळे कोणाचे भले होते असे वाटते का? उत्तर आकड्यात द्यायचे होते. शून्य म्हणजे कधीच नाही, सहा म्हणजे रोज. तेविसावा प्रश्न वेगळ्या चौकटीत छापला होता: गेल्या महिनाभरात, आपण नसतो तर बरे झाले असते, असे मनात आले का?

"नाव लिहायचं नाही," सुगास्तीबाई म्हणाल्या. "हुद्दा नाही, सही नाही. खरं काय ते लिहा. कोणी काय लिहिलं हे कोणालाही कळणार नाही, मलासुद्धा नाही. भरलेला कागद या खोक्यात टाका. पुढच्या आठवड्यात खोकं टपालाने पाठवून द्या."

खोके पुठ्ठ्याचे होते, वर फट होती. ते त्यांनी काउंटरच्या टोकाला ठेवले आणि चारच्या बसने त्या परत गेल्या.

"सगळीकडे तीन," विल्मार म्हणाला. तो ठाण्यातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात बोलका हवालदार. "शून्य लिहिलं तर म्हणतील खोटारडा. सहा लिहिलं तर म्हणतील वेडा. तीन लिहिणाऱ्याची बदली झाल्याचं मी आजवर ऐकलं नाही."

"तेविसाव्यालाही तीन?" कोणीतरी विचारले.

"तिथे शून्य. मी नसेन तर माझ्या सासूचं कसं होईल?"

ठाण्याची लिखापढी सार्जंट निबिया तेचेराकडे होती, चौदा वर्षे. त्यातल्या दुसऱ्या वर्षी एका गुरांच्या चोरीचा कागद ठाण्यातून गेला की गेलाच नाही यावरून वाद झाला होता आणि निबियाला पंधरा दिवस कोठडी मिळाली होती. तेव्हापासून आवक-जावक वहीत चढल्याशिवाय एक चिठोरासुद्धा दाराबाहेर जात नसे. क्रमांक, तारीख, कोणाकडून आला, कोणाला गेला. तिचीच नव्हे, सगळ्या ठाण्याची ती सवय झाली होती. पोलिसात कागद हरवला की तो देणाऱ्याचा गुन्हा असतो. म्हणून कोणीही पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडत नाही.

आणि तसेच झाले. बुधवारी सकाळी पहिला आला विल्मार. खोके त्याच्या कोपराशी होते. त्याने कागद निबियाच्या हातात दिला आणि म्हणाला, "पोच दे गं." निबियाने शिक्का मारला, कागदावर क्रमांक टाकला, वहीत नाव लिहिले, पोच फाडून दिली. दुपारपर्यंत आणखी पाच जण आले. शुक्रवारपर्यंत अकरा झाले. त्यातला नववा तिचा स्वतःचा होता आणि त्याचीही पोच तिने स्वतःला फाडून दिली. जावक क्रमांक दोनशे आठ ते दोनशे अठरा. खोके रिकामेच राहिले. शेवटी तिने सगळे कागद त्यात घातले, चिकटपट्टी लावली आणि टपालात दिले. कोणाला काही वावगे वाटले नाही.

*

पासो अल्दानात मृत्यूची बातमी घरी पोचवण्याचे काम दार्दो माचीन करत असे. तसा हुकूम कुठल्याही कागदावर नव्हता. एकवीस वर्षांपूर्वी नदीत बुडालेल्या एका माणसाच्या घरी कोणी जायचे यावरून ठाण्यात घोळ चालला होता. नवीनच लागलेला दार्दो म्हणाला, मी जातो. त्यानंतर कोणी विचारलेच नाही. महामार्गावर ट्रक उलटला, भाताच्या शेतात विजेचा झटका बसला, जिल्ह्याच्या इस्पितळातून फोन आला, की सगळे दार्दोकडे बघत.

त्याची पद्धत ठरलेली होती. दारात टोपी काढायची आणि पहिल्याच वाक्यात माणसाचे नाव आणि 'वारला' हा शब्द म्हणायचा. 'जरा बसा', 'मन घट्ट करा', 'थोडा अपघात झालाय' यातले काही नाही. माणसाला आशेवर अर्धा मिनिट ताटकळत ठेवणे ही मारहाणच, असे त्याचे म्हणणे होते.

सहा हजार वस्तीच्या गावात अशा माणसाची चाल सगळ्यांना पाठ होते. तो फाटकाशी रेंगाळला की घरात भांडे पडे. म्हणून कामावर नसताना तो शीळ घालत चालायचा. शीळ ऐकू आली की सगळे जिवंत आहेत असे समजायचे. मेहुणीच्या वाढदिवसालाही तो कोपऱ्यापासून शीळ घालत गेला होता. या हिवाळ्यात ती शीळ बंद झाली. निबियाच्या हे लक्षात आले होते. पण पन्नाशीला आलेला माणूस शीळ घालत नाही, यात विचारण्यासारखे काय, असे वाटून तिने विचारले नाही.

*

सुगास्तीबाईंचा फोन ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी आला.

"सार्जंट, या कागदांवर शिक्के का आहेत?"

"जावकचे आहेत. प्रत्येक कागदावर असतात."

"मी खोकं ठेवलं होतं."

"खोकंही पाठवलंय, डॉक्टर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुमच्याकडे क्रमांक आणि नावं आहेत?"

"वहीत आहेत."

"मला सांगू नका," बाई घाईने म्हणाल्या. "अजून सांगू नका. नीट ऐका. दोनशे चौदावर तेविसाव्या प्रश्नाला पाच आहेत. थकव्याच्या सगळ्या प्रश्नांना सहा. कागद निनावी असता तर मी तो मोजला असता आणि तुमच्या साहेबांना एक साधारण पत्र लिहिलं असतं, त्याच्यापुढे माझ्या हातात काही नव्हतं. पण माणूस ओळखता येत असेल तर मला लेखी नाव मागवावं लागतं. मग त्याचं शस्त्र त्याच दिवशी काढून घेतात. सेवापुस्तकात नोंद होते, 'शस्त्र काढून घेतले'. ती नोंद पुसली जात नाही."

"आणि त्याने स्वतः दिलं तर?"

"तर 'स्वतःच्या विनंतीवरून जमा'. रजा मिळते, उपचार मिळतात, परत आल्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. निदान कागदावर तरी नाही." त्या थांबल्या. "माझं पत्र सोमवारी फॅक्सने निघेल. आज शुक्रवार आहे. मी तुम्हाला काहीही सुचवलेलं नाही."

निबियाने फोन ठेवला. दोनशे चौदा कोण हे पाहायला तिला वही उघडावी लागली नाही. तो गुरुवारी आला होता, जेवणाच्या वेळी, काउंटर रिकामा असताना. कागद उलटा धरून दिला होता आणि पोच नीट घडी करून खिशात ठेवली होती.

ठाणेप्रमुख लार्रोसा यांनी काचेतून तिचा चेहरा पाहिला असावा. त्यांनी तिला आत बोलावले, ऐकून घेतले, आणि वही मागितली. बोट खाली सरकवत ते दोनशे चौदावर थांबले.

"दार्दो," ते म्हणाले. मग वर छताकडे पाहिले. "हे छप्पर गळतं. गळतं ना?"

"वहीच्या टेबलावर नाही गळत, साहेब."

"टेबल हलवता येतं."

"वही भिजली तर चौकशी होईल. माझी."

"चौकशीचं मी बघतो. निबिया, जरा डोकं चालव. दार्दोला बसवलं तर पुढच्या वेळी कोण जाईल? तू जाशील? विल्मारला पाठवू? विल्मार घाबरला की हसतो."

"तुम्ही आहात, साहेब."

"मी ठाणेप्रमुख आहे," लार्रोसा म्हणाले. त्यांना एवढेच उत्तर पुरेसे वाटले असावे. वही त्यांनी बंद करून तिच्याकडे सरकवली. "आणि हे बघ, थकलेले सगळेच आहेत. मी पण त्या कागदावर कुठे चार, कुठे पाच लिहिलंय. माणूस कागदावर काहीही लिहितो."

"दार्दो नाही लिहीत," निबिया म्हणाली.

लार्रोसा वाईट माणूस नव्हते. गेल्या पुरात ते तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पण एकवीस वर्षांत एकाही मृताच्या घरचा उंबरठा त्यांनी ओलांडला नव्हता आणि तशी पाळी येईल असे त्यांना कधी वाटलेही नव्हते.

*

शनिवारी दुपारी निबिया दार्दोच्या घरी गेली. तो मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणत होता. बारीक पाऊस पडत होता, तो त्याच्या लक्षात नसावा.

"शनिवारची कुठे?" त्याने विचारले.

"म्हटलं, माते पिऊ या."

"थर्मास कुठाय तुझा?"

निबियाच्या हातात फक्त बाजाराची पिशवी होती. शेजारच्या गल्लीत जातानाही त्या कडू चहाच्या गरम पाण्याचा थर्मास काखेत असणारी बाई थर्मास न घेता माते प्यायला आली, हे दार्दोने पाहिले आणि पक्कड खाली ठेवली.

"बोल."

"दोनशे चौदा तुझा आहे."

"कसले दोनशे चौदा?"

"तो प्रश्नांचा कागद. माझा शिक्का आहे त्याच्यावर. नाव वहीत आहे. सोमवारी राजधानीहून पत्र येणार, आणि आलं की साहेब सगळ्यांसमोर तुझं पिस्तूल काढून घेणार."

दार्दो हसला. "तो निनावी होता ना?"

"तू पोच घेतलीस."

"अगं, पोच न घेता कागद देतं कोण?"

"कोणीच नाही दिला. अकराही जणांनी घेतली. आणि मी दिली, गाढवासारखी."

आता दोघेही हसले. मग दार्दो खुराड्याच्या फळीवर बसला.

"तेविसाव्याला मी पाच लिहिलंय. सहा नाही."

"पाच आणि सहा त्यांच्याकडे सारखेच."

"आणि कोणाचं भलं होतं का, त्यालाही सहा लिहिलंय. वाचलंस का ते?"

"मी काही वाचलं नाही. शिक्का मारला फक्त."

"तेही खोटं नाही," तो म्हणाला. "मला हे काम येतं, निबिया. या जगात नीट येणारी तेवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडे. एप्रिलमध्ये त्या फेरेय्राच्या बाईकडे गेलो, तिचा मुलगा गेला तेव्हा. निघताना तिने मला बिहीची फळं दिली, पिशवी भरून. म्हणाली, तुम्ही आलात ते बरं झालं. सगळे आभार मानतात. एकवीस वर्षांत एकाने शिवी दिली नाही. एखाद्याने तरी द्यायला हवी होती."

निबिया फळीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"आता वाक्य आपोआप येतं," तो म्हणाला. "रस्त्याने चाललो की प्रत्येक घरापाशी येतं. दारावरची माणसं मला माहीत आहेत, त्यांची नावं बरोबर जागेवर जाऊन बसतात. बेकरीपाशी: बाई, तुमचा रामीरो वारला. शाळेपाशी, चर्चपाशी. माणसं जिवंत असतात, मला हात करतात, मी पण करतो. तुझ्या घरापाशी पण येतं."

"कोणाचं?"

"तुझ्या पोराचं, आंद्रेसचं. राग मानू नको."

"नाही मानत."

"जूनमध्ये एकदा घरी आलो. सोनिया ओट्यापाशी पाठमोरी होती. दारात टोपी काढली आणि वाक्य आलं. सोनिया, तुझा दार्दो वारला." तो जाळीची तार बोटाला गुंडाळत होता. "भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. वाक्य नीट बसलं. तेव्हापासून ते रोज येतं. मीच ते सांगायला आलोय, असं."

पाऊस थोडा वाढला. एक कोंबडी जाळीच्या उघड्या भागातून बाहेर आली आणि दोघांकडे पाहून परत आत गेली.

"आज देऊन टाक," निबिया म्हणाली.

"सोमवारी देईन. मी स्वतः येईन सकाळी."

"आज."

"शनिवारी शस्त्रागार बंद असतं."

"किल्ली माझ्याकडे आहे."

"जमा करायचा अर्ज लागतो. तीन प्रतीत."

निबियाने पिशवीतून तीन अर्ज काढले, मधे घालायचे दोन कार्बन काढले, आणि डबीतला शिक्का फळीवर ठेवला. दार्दो त्या वस्तूंकडे पाहत राहिला.

"बाई, तू भयंकर आहेस," तो म्हणाला. "पट्टा रिकामा दिसला की गाव काय म्हणेल ठाऊक आहे ना तुला? बायकोला मारलं असेल, नाही तर पिऊन पडला असेल, नाही तर डोकं फिरलं."

"तिसरं खरं आहे," निबिया म्हणाली. "पहिली दोन खोटी आहेत. तिसरं बरं होतं, असं डॉक्टर म्हणतात."

त्याने तिच्याकडे पाहिले. एवढ्या सरळ त्याच्याशी कोणी बोलले नव्हते. हे काम आजवर तो इतरांसाठी करत आला होता.

ते स्वयंपाकघरात गेले. सोनियाने टेबलावरची मैद्याची परात उचलून बाजूला ठेवली. पाऊस होता म्हणून तळणाची तयारी चालली होती. तिने अर्जांकडे पाहिले, शिक्क्याकडे पाहिले. दार्दोने आतल्या खोलीतून पिस्तूल आणून टेबलावर ठेवले. निबियाने ते तपासले. ते रिकामे होते.

"गोळ्या?" तिने विचारले.

दार्दोने बायकोकडे पाहिले. सोनिया फडताळाकडे गेली, मसुरीच्या डब्यात हात घातला आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढून पिस्तुलाशेजारी ठेवली.

"जुलैपासून," ती म्हणाली. "तो झोपला की रोज काढायचे आणि कामाच्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला की परत भरायचे. आज सुट्टी, म्हणून भरल्या नाहीत."

"मला माहीत होतं," दार्दो म्हणाला.

"माहीत होतं?"

"काडतुसांना मसुरीचा वास यायचा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू काढते आहेस, ते बरं होतं," तो म्हणाला.

सोनिया परातीकडे वळली आणि मैदा मळू लागली. मळून झाला होता, तरी मळत राहिली.

अर्जात कारणाचा रकाना होता. निबियाने पेन त्याच्यापुढे धरले. त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले: स्वतःच्या विनंतीवरून. वेळ, दुपारी दोन चाळीस. साक्षीदार म्हणून सोनियाने सही केली, तिच्या बोटाचा पिठाचा ठसा तिन्ही प्रतींवर उमटला. निबियाने पिस्तूल वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले, सोनियाने वर पालेभाजीच्या दोन जुड्या ठेवल्या. चौकातून जाताना निबियाला चार जणांनी नमस्कार केला, एकीने भाजी कुठून आणली म्हणून विचारले.

*

सोमवारी पत्र आले. निबियाने त्याला आवक क्रमांक दिला आणि उत्तर तयार करून साहेबांपुढे ठेवले: संबंधित हवालदाराने शनिवारी दुपारी दोन चाळीसला स्वतःच्या विनंतीवरून शस्त्र जमा केले असून रजेचा अर्ज सोबत जोडला आहे. लार्रोसांनी ते दोनदा वाचले.

"शनिवारी शस्त्रागार बंद असतं," ते म्हणाले.

"किल्ली माझ्याकडे असते, साहेब."

त्यांनी सही केली.

दार्दो पासष्ट दिवस रजेवर होता. आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या गावी बसने जायचा, डॉक्टरांशी बोलायचा, गोळ्या घ्यायचा, परत यायचा. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि झोप फार येते, एवढेच तो सांगे. मधल्या काळात मंत्रालयाचा अहवाल आला. पासो अल्दाना ठाण्यातला कामाचा ताण 'मध्यम' होता, कामातले समाधान 'मध्यम'. विल्मारने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि हे आपल्यामुळे झाले असे सांगितले.

नोव्हेंबरमध्ये दार्दो कामावर आला. बाहेरची ड्यूटी नाही, शस्त्र नाही. काउंटरवर बसून तक्रारी लिहून घ्यायच्या. पट्ट्यावरची म्यान त्याने काढून ठेवली होती, तरी तिथे चामडे गडद राहिले होते.

"वजन उतरलं रे तुझं," विल्मार म्हणाला. "एक किलो तरी असेल."

"तुझं चढलेलं दिसतंय. माझंच घेतलंस वाटतं."

गावाने तीन आठवडे त्याच्या कमरेकडे पाहिले. बेकरीवाल्या म्हातारीने सगळ्यांदेखत विचारले, "बंदूक काढून घेतली का रे तुझी?"

"नाही आजी. दिली."

"का?"

"जड होत होती."

म्हातारीला हे पटले. तिने त्याला दोन पाव जास्त दिले आणि संध्याकाळपर्यंत जो येईल त्याला ते सांगितले.

मृत्यूच्या बातम्यांसाठी आता पाळ्या लावल्या होत्या. पाळ्यांचा कागद भिंतीवर चिकटवण्याआधी आठवडाभर भांडण झाले. विल्मार म्हणाला, मी हसेन आणि मग मला मार बसेल. दुसरा म्हणाला, माझं सगळं गाव नातेवाईक आहे. तिसऱ्याने पाठदुखीचे प्रमाणपत्र आणले. निबियाने स्वतःचे नाव दुसऱ्या क्रमांकावर लिहिले आणि पहिला रकाना कोरा ठेवून कागद लार्रोसांच्या टेबलावर नेला. तो त्यांच्याकडे दोन दिवस पडून होता. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा पहिल्या रकान्यात त्यांचे नाव होते.

डिसेंबरच्या चार तारखेला, सकाळी साडेदहाला, महामार्गावर लाकडाचा ट्रक कलंडला. चालक नेस्तोर बिदार्त, वय अडतीस, जागीच ठार. घर नदीच्या रस्त्यावर, ठाण्यापासून चार गल्ल्या, घरी बायको. लार्रोसांनी गणवेशाचा कोट घातला, बटणे लावली, टोपी घेतली. दारात थांबून त्यांनी काउंटरकडे पाहिले. दार्दो एका बाईची तक्रार लिहीत होता. तिची सायकल चोरीला गेली होती.

"पहिल्या वाक्यात," दार्दो मान वर न करता म्हणाला. "नाव आणि वारला."

"माहीत आहे," लार्रोसा म्हणाले आणि गेले.

ते वीस मिनिटांत परत आले. चेहरा राखेसारखा झाला होता. काउंटरला टेकून त्यांनी टोपी काढली आणि तिच्या आतल्या पट्टीकडे पाहत राहिले. विल्मारने टाइप करणे थांबवले.

"सांगितलं?" दार्दोने विचारले.

"सांगितलं. जसं म्हणालास तसंच. रडलीसुद्धा नाही ती. म्हणाली, बरं झालं तुम्ही आलात."

"तिच्याजवळ कोण आहे आता?"

"ती म्हणाली, मी ठीक आहे. तुम्ही जा म्हणाली."

"कोण आहे, साहेब?"

निबियाने आपल्या टेबलावरून दार्दोच्या हाताकडे पाहिले. त्याने पेन खाली ठेवले होते आणि दोन्ही तळवे काउंटरच्या कडेवर टेकवले होते, खुर्चीतून उठणारा माणूस टेकवतो तसे. खोलीतले सगळे त्याच्याकडे पाहत होते. लार्रोसाही पाहत होते आणि ते कशाची वाट पाहताहेत हे लपवत नव्हते. जायला चार गल्ल्या होत्या.

"परत जा, साहेब," दार्दो म्हणाला.

"मी?"

"तिची बहीण गिरणीत कामाला आहे. विल्मारला गाडी घेऊन तिला आणायला पाठवा. ती येईपर्यंत तुम्ही तिथे बसा. चुलीवर काही असेल तर उतरवून ठेवा. तिच्या लक्षात राहणार नाही."

"आणि बोलू काय?"

"काही नाही. तिने विचारलं तर उत्तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

लार्रोसांनी टोपी घातली. विल्मारने खुंटीवरून गाडीची किल्ली काढली आणि दोघे मागोमाग बाहेर पडले. दार उघडेच राहिले.

दार्दोचे तळवे अजून काउंटरच्या कडेवर होते. ते त्याने उचलले, पँटला पुसले आणि पेन घेतले. पहिले अक्षर त्याने दोनदा गिरवले.

"हं, बाई," तो म्हणाला. "सायकलचा रंग कुठला म्हणालात?"